दीर्घ बैठक

रविवार, ३ मार्च

आजपासून रोज लिहायचं आहे. रोज जमणार नाही, पण ठरवताना रोज असंच ठरवलेलं बरं. ही थोरल्यांची अट आहे. बैठक माझ्याकडे सोपवताना ते म्हणाले, "सहा महिने वही लिही. खरं लिही. कोणाला दाखवू नकोस. मलाही नको."

मी विचारलं, "मग उपयोग काय?"

"लिहून बघ," म्हणाले.

थोरले तीस वर्षं बैठकीचे प्रमुख होते. गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून मुलीकडे राहायला गेले. बैठक म्हणजे छापखान्याच्या वरची खोली, घडीच्या चाळीस खुर्च्या आणि दर रविवारी सकाळी आठ ते नऊ डोळे मिटून गप्प बसणं. पुस्तक नाही, प्रवचन नाही, गाणं नाही. प्रमुख सगळ्यांकडे तोंड करून बसतो. आठ वाजता फळीवर लाकडी हातोडी एकदा ठोकतो, नऊ वाजता आणखी एकदा. मधल्या वेळात कोणी डोळे उघडायचे नाहीत आणि उठायचं नाही. नियम एवढाच.

मी वीस वर्षं तिसऱ्या रांगेत बसलो. आज पहिल्यांदा पुढे बसलो. आठला ठोकलं, नऊला ठोकलं. मध्ये डोळे मिटून मनातल्या मनात मिनिटं मोजली. तीन मिनिटांचा फरक पडला. वाईट नाही.

बुधवार, ६ मार्च

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. आज सात शिकाऊ. दाताच्या डॉक्टरीणबाई अजून रिव्हर्स घेताना डोळे गच्च मिटतात. दुसऱ्यांच्या तोंडात सुई खुपसताना मिटत नाहीत, म्हणाल्या.

बैठकीच्या प्रमुखाचं चारित्र्य कसं असावं याचा विचार सुरू आहे. थोरल्यांनी काही सांगितलं नाही. हातोडी दिली, खोलीची किल्ली दिली, आणि जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीची फरशी सैल आहे हे सांगितलं. मी बायकोला विचारलं, माझ्यात काय सुधारायला हवं. ती कपड्यांच्या दुरुस्त्या करते, मशीन न थांबवता म्हणाली, "यादी तोंडी सांगू की लिहून देऊ?"

ती बैठकीला येत नाही. एक तास गप्प बसायला तिला खोली लागत नाही, मी घरात असलो की पुरतं, असं तिचं म्हणणं.

रविवार, १० मार्च

मी झोपलो. खरं लिहायचं आहे म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकतो.

काल नऊ शिकाऊ होते, पाठ दुखत होती. आठला ठोकलं. आठ दहापर्यंत जागा असल्याचं आठवतं. मग खालच्या रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं, आणि समोरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. हनुवटी छातीवर. शर्टावर लाळेचा डाग. समोर अडतीस माणसं डोळे मिटून बसलेली.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, माफ करा. मी ठोकलं.

मग मागे कोणीतरी हुंदका दिला. चिटणीस पुढे आला. खालचा छापखाना त्याचा आणि वरची खोलीही त्याचीच. त्याने माझे दोन्ही हात धरले. "कुठे नेलंत आज आम्हाला!"

मी म्हणालो, "कुठेही नाही."

हे खरं होतं. त्याने मान डोलावली आणि ते वाक्य शेजारच्याला सांगितलं. शेजारच्याने पुढच्याला. मी जिना उतरेपर्यंत ते खाली पोचलं होतं.

सोमवार, ११ मार्च

बायकोने धुण्यातून शर्ट उचलला. "हा डाग कसला?"

सांगितलं.

"घोरलात?"

"कोणी काही म्हणालं नाही."

"म्हणजे नाही घोरलात. नाहीतर फार सज्जन माणसं आहेत ती. येत्या रविवारी सांगून टाका."

सांगतो म्हणालो.

बुधवार, १३ मार्च

संध्याकाळी गणिताच्या बाई घरी आल्या. शाळेत त्यांनी मला दोन वर्षं गणित शिकवलं. त्यांना ते आठवतं, मला गणित आठवत नाही. आता सत्तरीच्या आहेत. बैठकीत गेली पंधरा वर्षं पहिल्या रांगेत, खिडकीजवळ. मला नेहमी ‘काय रे’ म्हणतात. प्रमुख झालो त्या दिवशीही म्हणाल्या, "काय रे, आता तरी पाढे पाठ आहेत का?"

आज म्हणाल्या, "तुम्हाला वेळ आहे का?"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

त्या सकाळची मधुमेहाची गोळी घेऊन बैठकीला येतात आणि घरी परत गेल्यावर न्याहारी करतात. रविवारी परत जायला उशीर झाला. "दहानंतर अंग हलकं व्हायला लागलं. घाम फुटला. हात थरथरायला लागले, ओठांना मुंग्या आल्या. मग सगळं पांढरं. अहो, मी कोण तेच मला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा. मी कोण ते आठवत नव्हतं आणि त्याने काही म्हणजे काही बिघडत नव्हतं."

त्यांचे यजमान गेल्यापासून त्या मुलाबरोबर राहतात. मुलगा लिफ्टची दुरुस्ती करतो, दिवसभर बाहेर असतो. बाई इतक्या मोकळ्या बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. माझाही जरा डोळा लागला असावा, असं मी सांगणार होतो. पण त्या उठल्या आणि वाकल्या. माझ्यासमोर. मी त्यांचे खांदे धरले. खांदे चिमणीएवढे आहेत.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "सांगितलंत?"

"आज ती वेळ नव्हती."

शनिवार, १६ मार्च

डॉक्टरीणबाईंना चढावर गाडी सोडायला शिकवत होतो. क्लच अर्धा धरायचा असतो. बोलता बोलता गणिताच्या बाईंचा अनुभव सांगितला, नाव न घेता. घाम, थरथर, मुंग्या, मग पांढरा उजेड.

त्यांनी गाडी बंद पाडली. "खाल्लं होतं का त्यांनी काही?"

मी म्हणालो, हा खाण्यापिण्याचा विषय नाही.

"मला तर वाटतं तोच आहे," म्हणाल्या.

दाताच्या डॉक्टरांचं सगळं तोंडापाशीच अडतं.

चिटणीसाने माझ्या नावाने चारित्र्यघडणीचा वर्ग जाहीर केला आहे. दर गुरुवारी, पाच आठवडे. विषय त्यानेच ठरवून छापले: संयम, सचोटी, सेवा, सत्य, समर्पण. सगळे ‘स’वरून आहेत, त्याने छपाई देखणी होते म्हणाला. सत्य चौथ्या आठवड्यात आहे. तोवर वेळ आहे.

रविवार, १७ मार्च

एकसष्ट लोक. खुर्च्या पुरल्या नाहीत, वीसएक जण भिंतीला टेकून बसले.

सांगायचं ठरवून गेलो होतो. पण एकसष्टांतल्या तेवीस जणांनी गेल्या रविवारची बैठक बघितलेलीच नव्हती. त्यांना काय सांगणार? नऊला ठोकलं. कोणी हललं नाही. त्यांना वाटलं, हे मधलं ठोकणं असेल. पुन्हा ठोकावं लागलं.

चिटणीस म्हणाला, "आज वरवर झालं." मग म्हणाला, महिन्यातून एकदा दीर्घ बैठक ठेवू. पहिली येत्या चोवीसला.

"किती वेळ?"

"तेवढीच. दोन तास वीस मिनिटं. आकडा लोकांच्या तोंडात बसलाय आता."

झोप म्हणजे नेमकं काय, याचा आज विचार केला. शरीर बसलेलं होतं. हातोडी हातातून पडली नव्हती. झोपलेल्या माणसाच्या हातातून वस्तू पडते. अडतीस माणसांना काहीतरी मिळालं, आणि ते माझ्यासमोर बसून मिळालं. सरसकट ‘झोप’ म्हणणं हे एका अर्थी त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. दहा तारखेला मी जरा घाईने लिहिलं.

गुरुवार, २१ मार्च

पहिला वर्ग. संयम. एकोणीस जण. मी चाळीस मिनिटं बोललो. शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडतो आणि मागचे हॉर्न वाजवतात, तेव्हा मी काय करतो ते सांगितलं. आवडलं त्यांना. घरी येताना एका हॉर्न वाजवणाऱ्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

शुक्रवार, २२ मार्च

बाईंचा फोन. घरीही बसायला लागल्यात, रोज सकाळी, मुलगा कामावर गेला की. किती वेळ बसावं, विचारत होत्या.

मी म्हणालो, "शरीर पुरे म्हणेपर्यंत."

"शरीर तर अर्ध्या तासातच पुरे म्हणतं हो."

"मग त्याच्या थोडं पलीकडे."

त्या म्हणाल्या, लिहून घेते.

हे वाक्य मला अचानक सुचलं. आपल्यातून असं काही येतं तेव्हा आपण नुसते निमित्त असतो. थोरल्यांना असं सुचत असेल का? त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते नेहमी ‘जिन्यात सांभाळून’ एवढंच म्हणायचे.

रविवार, २४ मार्च

दीर्घ बैठक. चौऱ्याहत्तर लोक. मी घरून दोनदा चहा पिऊन गेलो आणि पूर्ण जागा राहिलो. याची नोंद व्हावी.

पाठीमुळे मिटल्या डोळ्यांनी एवढा वेळ बसवेना, म्हणून पावणेनऊला डोळे किंचित उघडले. चिटणीस ओठ हलवत माणसं मोजत होता. भिंतीपाशी एक जण किल्लीने नखं साफ करत होता. दोन बहिणी भुवयांनी बोलत होत्या. एकाने खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि न चावता चघळत राहिला. माझी मान वळली की तेवढ्या भागातले डोळे मिटायचे. शेतावरून ढगाची सावली सरकावी तसं.

डोळे खरोखर मिटलेल्या एकट्या बाई होत्या.

दहा वाजून दोन मिनिटांनी त्यांच्याकडे नीट लक्ष गेलं. चेहरा राखेसारखा झाला होता. नाकाच्या शेंड्यावरून घाम मांडीवरच्या हातांवर ठिबकत होता, हात थरथरत होते, ओठ हलत होते. असं आपल्याला कधीच होणार नाही, असं वाटलं. हा हेवा होता, आणि तो मी कबूल करतो. हातोडी माझ्या हातात होती. ठोकावं की काय, असंही एकदा मनात आलं. पण चिटणीसाच्या पत्रकावर दोन तास वीस मिनिटं छापलेलं होतं. अठरा मिनिटं राहिली होती. मी थांबलो.

नंतर त्यांना उठता येईना. दोघींनी धरलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मला ‘दादा’ म्हणाल्या. लोकांना भरून आलं.

सोमवार, २५ मार्च

दुपारी एक माणूस कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस, आमच्या ऑफिसात आला. मला वाटलं प्रवेश घ्यायला आला.

"तुम्हीच का ते?"

बाईंचा मुलगा. काल बैठकीहून परतताना बाई त्यांच्या इमारतीच्या जिन्यात पडल्या. बेशुद्ध. कपाळाला चार टाके. साखर इतकी खाली गेली होती की आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

"गेले दहा दिवस रोज गोळी घेते आणि उपाशी बसते. मी घरी आलो की म्हणते, जेवले. काल रात्री मला तिची वही सापडली. तक्ता आखलाय. गोळी किती वाजता, घाम किती वाजता, उजेड किती वाजता. खाली लिहिलंय, शरीराच्या थोडं पलीकडे."

मी म्हणालो, "त्यांना कळत नाहीये का, की हे गोळीमुळे—"

"सगळं कळतं तिला! गणिताची बाई आहे ती. गोळीशिवाय बसून बघितलंय, काही होत नाही म्हणते. म्हणते, मला शिडी लागते, त्यांना लागत नाही, ते नुसते बसून जातात. त्यांना म्हणजे तुम्हाला." त्याने टेबलावर हात ठेवले, ग्रीस बघून उचलले. "शुक्रवारी घरी सोडतायत. मी दिवसभर कुठल्या कुठल्या इमारतीत वर टांगलेला असतो. कोण बघणार तिच्याकडे? डॉक्टरचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तुम्ही सांगा."

उद्या जाईन म्हणालो.

सोळा तारखेला डॉक्टरीणबाईंनी विचारलेला प्रश्न सारखा आठवतोय. त्यांचं पुढचं शिकवणं दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावं, असा विचार आहे.

मंगळवार, २६ मार्च

दवाखान्यात गेलो. बाईंच्या कपाळाला पट्टी, हाताला सलाइन. मला बघून पाय जवळ घेतले आणि मला बसायला जागा केली.

मी म्हणालो, देह जपायला हवा. देह हे साधन आहे.

"तुम्ही पाण्याच्या घोटाशिवाय बसलात," त्या म्हणाल्या. "दोनदा."

मी म्हणालो, प्रत्येकाची वाट वेगळी.

"हो ना. माझी गोळीची." मग हळूच, "मुलाने पाठवलंय ना तुम्हाला? त्याचं मन मोडू नका. हो म्हणा त्याला. घरी गेले की मी बघते माझं."

तासभर होतो. माझ्या बाजूने सगळं सांगितलं.

बुधवार, २७ मार्च

रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत त्यांना, झोपला होतात म्हणून?"

"आडवळणाने."

"म्हणजे कसं?"

"देह हे साधन आहे, असं."

तिने मशीन थांबवलं. एवढ्या वर्षांत माझ्या बोलण्यामुळे तिने मशीन थांबवल्याचं आठवत नाही. "अहो, त्या बाई मरतील. एखाद्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. तुमच्यासारखं होण्यासाठी. आणि तुम्ही शर्टावर लाळ गाळत बसला होतात."

मी म्हणालो, हे फार ढोबळ मांडणं आहे.

तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

दहा तारखेचं पान वाचलं. मग सतरा तारखेचं. मग पुन्हा दहाचं. सतराचं अक्षर जास्त चांगलं आहे.

चोवीस तारखेचं पान वाचायला घेतलं आणि मध्येच ठेवलं. बराच वेळ ठेवलं. ते मी रविवारी माझ्या हाताने लिहिलंय, घटना घडल्यावर चार तासांत, आणि लिहिताना मला काहीही वाटलेलं नाही.

गुरुवार, २८ मार्च

वर्ग रद्द केला. विषय सचोटी होता.

दवाखान्यात बाईंसमोर न बसता उभा राहिलो. म्हणालो, "बाई, दहा तारखेला मी झोपलो होतो."

त्या हसल्या. "असंच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"जे पोचलेत ते. मी झोपलो होतो, मला काही येत नाही. तुम्ही तर ‘कुठेही नाही’ म्हणालात तेव्हाच मी ओळखलं."

"शर्टावर लाळ होती."

"असेल. देहभान नसतं तेव्हा होतं."

मी म्हणालो, बायकोला फोन लावतो, तिला विचारा. बाई म्हणाल्या, "पत्नीला काय सांगायचं हेही तुम्हीच ठरवलं असणार." त्या इतक्या प्रेमाने बघत होत्या की मला वाटलं, आता जावं. खरं सांगून झालं होतं. त्यांनी मानलं नाही, त्याला मी काय करणार? मी दारापर्यंत गेलोही. मुलगा बाहेर बाकावर बसला होता, त्याने मान वर केली. मी परत आत आलो.

"बाई, गेल्या रविवारी माझे डोळे उघडे होते."

"हं?"

"तुम्ही मला दिसत होतात. चेहरा राखेसारखा. हातांवर घाम ठिबकत होता. दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. तुम्हाला काहीतरी होतंय हे दिसत होतं मला. ठोकावं असं मनात आलं. अठरा मिनिटं राहिली होती, म्हणून ठोकलं नाही."

"राहिली होती म्हणजे? कशाला?"

"दोन तास वीस मिनिटं पुरी व्हायला. तसं छापलं होतं."

बाईंच्या चेहऱ्यावरचं प्रेम एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं. तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं.

"घड्याळ बघून थांबलास?"

"हो."

"तुला तिथे काही दिसत नव्हतं? उजेड वगैरे?"

"घड्याळ दिसत होतं. आणि तुम्ही."

"आणि मी खुर्चीवरून पडले असते तर?"

"तर ठोकलं असतं."

"आणि बसल्या बसल्या मेले असते तर?"

बसल्या बसल्या मेल्या असत्या तर दहा वीसपर्यंत कळलं नसतं.

त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सलाइनचे थेंब पडत होते. मग भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "नववीला तुला चार गुण वाढवून दिले होते मी. पास करायला."

"मला माहीत नव्हतं."

"कळवळा आला होता. तुझी आई पायरीवर बसून रडत होती." मग उठून बसल्या, पट्टी सावरली, आणि वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जायचा तसा आवाज काढून मुलाला हाक मारली. "अरे, मला काहीतरी खायला आण. आणि याला बाहेर काढ."

मुलाने दोन्ही केलं. जाताना दाराच्या काचेतून बघितलं. बाई खात होत्या. रडतही होत्या. दोन्हींत खंड नव्हता.

रविवार, ३१ मार्च

ठोकण्याआधी उभं राहून सांगितलं. एकोणऐंशी लोक होते.

आधी झोपेचं सांगितलं. खोलीभर कौतुकाची कुजबुज झाली. चिटणीस डोळे पुसत म्हणाला, "केवढं मोठं मन लागतं हे सांगायला." हे छापावं असंही म्हणाला.

मग बाईंचं सांगितलं. अठरा मिनिटांसकट.

कुजबुज थांबली. भिंतीपाशी नखं साफ करणारा म्हणाला, "आम्हालाही दिसत होत्या की त्या."

दोन बहिणींतली धाकटी म्हणाली, "मी ताईला खूण केली होती. घाम बघ म्हणून."

मी विचारलं, "मग कोणी उठलं का नाही?"

"तुम्ही ठोकाल असं वाटलं," ती म्हणाली. हे तिने वाईट भावनेने म्हटलं नाही.

त्यानंतर कोणाला बसावंसं वाटलं नाही. लोक आपापल्या खुर्च्या घडी करून ठेवून गेले. एरवी तशाच टाकून जातात.

मंगळवार, २ एप्रिल

थोरल्यांकडे गेलो. हातोडी आणि किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. ते गुडघ्यांना तेल लावत होते, ऐकताना थांबले नाहीत.

शेवटी म्हणाले, "तू डोळे मिटून बसायचास? पुढे बसून?"

"नियम आहे ना."

"नियम त्यांचा. समोर बसणाऱ्यांचा. मी तीस वर्षांत एकदाही डोळे मिटले नाहीत. कोणाला घेरी येते, कोणाला रडू आवरत नाही, एकाला तर फिट यायची. कोणीतरी बघायला नको का? त्यासाठीच तर एक माणूस उलटा बसवतात."

"मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"मला वाटलं तुला माहीत असेल. सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षांत कधी एक डोळाही उघडून बघितलं नाहीस?"

"नाही."

त्यांनी तेलाची बाटली बंद केली. "हे माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडलेला दिसला. "मग चूक माझीही आहे. पण तुझी घेऊन जा. आणि हेही घेऊन जा." हातोडी आणि किल्ली माझ्याकडे सरकवली.

मी म्हणालो, मी लायक नाही.

"ते मला आत्ताच कळलं," म्हणाले. "दुसरा कोणी आहे का, ज्याला समोरच्या घामाचा अर्थ कळतो?"

निघताना म्हणाले, जिन्यात सांभाळून. त्यांच्या मुलीचं घर तळमजल्यावर आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

बाईंच्या मुलाचा फोन. साखर ठीक आहे. सकाळी गोळीच्या आधी ताट वाढून घेतात, मग गोळी घेतात, मग लगेच जेवतात. तक्त्याची वही फाडली नाही, पुढच्या पानांवर रोजची साखर लिहितात. दुपारी इमारतीतल्या दोन मुलींना गणित शिकवायला लागल्यात. बैठकीला येणार नाहीत.

"मी भेटायला आलो तर?"

तो आत विचारायला गेला. परत येऊन म्हणाला, "नको म्हणते." मग म्हणाला, "आणखीही बोलली, पण ते राहू द्या."

रविवार, ७ एप्रिल

सोळा लोक. चिटणीस आला, पण मागे बसला. त्याने पत्रकं रद्दीत दिलीत.

आठला ठोकलं. डोळे उघडे ठेवले. एक तास माणसांकडे बघत बसणं फार अवघड आहे. कोण कधी गिळतं, कोणाची पापणी उडते, कोणाची मान हळूहळू कलते. पंधरा मिनिटांतच मला घाम आला. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिथे कोणी बसलं नाही. मी कोणाला बस म्हणालो नाही.

आठ पस्तीसला तिसऱ्या रांगेतल्या टपाल कारकुनाचा चेहरा अचानक आक्रसला. नाकपुड्या फुगल्या, तोंड उघडं पडलं, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. मी ठोकलं. जोरात. फळीला चीर गेली. सगळे दचकले. मी ओळींमधून धावत गेलो, एक खुर्ची पाडली, आणि त्याचे खांदे धरले.

त्याला शिंक आली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तुम्हाला काही होतंय का?"

"शिंक येत होती हो."

मागून चिटणीस म्हणाला, "पस्तीसच मिनिटं झालीत." कोणीतरी म्हणालं, आता काही खरं नाही या बैठकीचं. दोघे उठून गेले.

मी पाणी आणलं. कारकून नको म्हणाला. मी पेला त्याच्या हातात दिला आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभा राहिलो.